मिमीकाका

कुणाच्या गळ्यात कॅमेरा दिसला की मिमीकाका त्याचं नाव-गाव विचारत बसत नाहीत. "सेन्सर कोणता तुमचा?" हा पहिला प्रश्न, आणि तोही पूर्वी लग्नं जुळवणारी मंडळी गोत्र विचारायची त्या सुरात. समोरचा 'फुल फ्रेम' म्हणाला तर त्याला शेजारी बसवून घेतात. 'क्रॉप' म्हणाला तर क्षणभर डोळे मिटतात, निकॉनवाला असेल तर १.५नं आणि कॅननवाला असेल तर १.६नं मनातल्या मनात गुणाकार करतात आणि "हरकत नाही" म्हणतात. त्या 'हरकत नाही'मध्ये बरीच हरकत असते.

मिमी म्हणजे मिलिमीटर. नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं. काकांच्या ते कानावर गेलं तेव्हा रागावण्याऐवजी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच लावून टाकलं. सगळी हयात बँकेत व्याजाची टक्केवारी मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर प्रॉव्हिडंट फंडातून कॅमेरा आला आणि मोजण्याची खोड टक्क्यांवरून मिलिमीटरवर सरकली, इतकंच. आता माणसंही ते त्याच मापानं मोजतात. सोसायटीचे सेक्रेटरी १६ मिमी, कारण त्यांना सगळंच चौकटीत घ्यायचं असतं आणि त्यात कडेची माणसं ताणली जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी ६०० मिमी. समोरच्या इमारतीत कुणाकडे कोण आलं हे त्यांना स्वच्छ दिसतं, स्वतःच्या दारातली चप्पल मात्र फोकस होत नाही. आपला मुलगा? "१८-५५. कंपनीनं दिला तसाच आहे अजून."

असे काका एकटे नाहीत. शनिवारी सकाळी लोणावळा लोकलच्या कुठल्याही डब्यात एखादा तरी सापडतो. सोळा खिशांचं जाकीट, पाठीवर तट्ट फुगलेली बॅग, बॅगेत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. मावळातल्या पावसाची या मंडळींना धास्ती असते. भिजण्याची नव्हे, भिंगाला बुरशी धरण्याची. त्यासाठी आमच्या काकांनी काकूंचे हवाबंद डबे एकेक करून हलवले. त्यांच्या स्वयंपाकघरात 'तूरडाळ' असं लिहिलेल्या डब्यात ८५ मिमी आहे आणि तूरडाळ प्लास्टिकच्या पिशवीत. जाळी लागली तरी डाळीला लागेल, असा हिशेब.

या जातीच्या माणसांत फोटो न काढणारे पुष्कळ असतात. काका काढतात. पण फोटो ही त्यांच्या दृष्टीनं फोकल लेन्थची साक्ष असते. फोटो दाखवताना ते "हा तोरणा" म्हणत नाहीत, "हा १३५" म्हणतात.

चिंचवडला लोकल पकडली की तळेगाव यायच्या आत व्याख्यान सुरू होतं. श्रोता मिळेल तो. त्या दिवशी कोथिंबिरीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परत निघालेल्या एक मावशी होत्या.

"लोकांना वाटतं, फोकल लेन्थ म्हणजे ह्या नळकांड्याची लांबी," काका लेन्स त्यांच्यापुढे धरून म्हणाले. "चूक. फार लांबून आलेले किरण भिंगातून वाकून जिथं एका जागी येतात, तिथपर्यंतचं अंतर. भिंगाच्या मध्यापासून मोजायचं. आता ह्याच्यावर लिहिलंय २४. पण आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग बसतं ती कडा आणि सेन्सर यांच्यातच मुळी ४६.५ मिलिमीटर जागा असते. निकॉनच्या जुन्या माउंटचं सांगतोय. मधे आरसा हलायला जागा नको? मग २४चं भिंग सेन्सरपासून २४वर बसवणार कुठं?"

"कुठं?" मावशी म्हणाल्या. त्या खरंच ऐकत होत्या.

"तीच तर गंमत! पुढं एक अंतर्गोल गठ्ठा लावायचा, म्हणजे भिंग प्रत्यक्षात लांब बसतं आणि काम मात्र २४चंच करतं. फ्रान्सच्या आंजेन्यूनं १९५० साली बाजारात आणलं. आणि लांबच्या भिंगात बरोबर उलट. ४००चं भिंग हातात घ्या, ४०० मिलिमीटर भरायचंच नाही."

"म्हंजी मापात खोट," मावशींनी निकाल दिला आणि वडगावला उतरून गेल्या. काका पुढची दोन स्टेशनं गप्प होते. बँकेतल्या माणसाला मापात खोट हा शब्द लागतो.

काकूंचं सांगायचं राहिलं. काकूंची उंची पाच फूट, आणि ती घरातल्या सर्वांना पाठ आहे, कारण काकू काकांच्या फोटोतली मोजपट्टी आहेत. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत खांबाजवळ एखादा माणूस उभा करतात, आकाराचा अंदाज यावा म्हणून. ती जागा घरात पहिल्यापासून काकूंकडे आहे. कार्ल्याच्या चैत्यात खांबाच्या पायाशी काकू. वेरूळला कैलासाच्या हत्तीशेजारी काकू. विजापूरला गोल घुमटाच्या दारात एक ठिपका आहे, त्या काकू. ज्येष्ठ नागरिक कार्डासाठी फोटो हवा होता तेव्हा सगळे अल्बम उपसले, तर चेहरा ओळखू येईल असा एकच निघाला. तो काकांनी कॅमेरा नवा असताना २४ मिमीनं दीड फुटावरून काढलेला होता. त्यात नाक आधी येतं आणि काकू मागाहून. "दोष भिंगाचा नाही," काका तेव्हाही म्हणाले होते, "दोष दीड फुटाचा." त्यानंतर घरात काही दिवस फक्त भांड्यांचे आवाज येत होते.

तर त्या दिवशी आम्ही काका-काकूंबरोबर निघालो होतो ते बेडशाची लेणी पाहायला. कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसानं बेडशाला गेलंच पाहिजे असं माझंही मत आहे, पण काकांचं कारण वेगळं. भाज्याचं चैत्यगृह पुढून सताड उघडं आहे. लाकडी मुखभिंत उरलेली नाही, समोर ऐसपैस जागा; पन्नासचं भिंग लावा, चार पावलं मागं या, काम झालं. कार्ल्याला चैत्य प्रचंड, पण गर्दी एकवीरेची. बेडशाचा कारागीर मात्र असा काही बेरकी निघाला की त्यानं लेण्याच्या पुढ्यातला खडक कापलाच नाही. दोन्ही बाजूंना कातळ तसाच ठेवून मधून एक अरुंद बोळ काढला. बोळातून आत शिरेपर्यंत लेणं दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा माणूस त्याच्या नको इतका जवळ असतो. चार मोठे खांब, त्यातले कडेचे दोन भिंतीला धरून, उंची सुमारे २५ फूट, आणि पाठीमागं लगेच तो न कापलेला खडक. मागं सरकायची सोय नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात कोरलेलं हे लेणं फोटोवाल्यांना छळण्यासाठीच घडवलंय, असं काका छातीठोक सांगतात.

कामशेतला उतरून पवनानगरच्या वाटेनं रिक्षा, मग गावातून वर सुमारे चारशे पायऱ्या. डिसेंबर होता, भात निघून गेलेलं, खाचरांत नुसती खुंटं. लेणं पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळचं ऊन सरळ आत जातं, आणि त्यासाठी काकांनी सगळ्यांना पहाटे उठवलं होतं. पायऱ्या चढताना काकू दोनदा थांबल्या, काका बारा वेळा. काकू दमल्या होत्या. काका भिंगं बदलत होते.

वर बोळातून आत गेलो आणि काका खांबापुढं उभे राहिले. एक शब्द नाही. खाली दगडी घट, त्यावर अष्टकोनी खांब, वर घंटेसारखं उलटं फूल, त्याच्यावर चौथरे, आणि अगदी टोकाला हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर पाय टाकून बसलेली जोडपी. कुणालाही वाटलं असतं काका भारावले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "नव्वद."

"काय नव्वद?"

"अंश." मग खिशातून पेन काढून त्यांनी हातावरच आकृती काढली. "समजा, मी खांबापासून दहा फुटांवर आहे. डोळा जमिनीपासून पाच फुटांवर. म्हणजे खांब डोळ्याच्या वर वीस फूट, खाली पाच फूट. वीस पाचे शंभर, आणि दहाचा वर्ग शंभर. डोळ्यापाशी काटकोन झाला! बरोब्बर नव्वद अंश, एक अंश कमी नाही, जास्त नाही. आणि ३६ बाय २४च्या सेन्सरवर उभ्या चौकटीत नव्वद अंश हवेत तर भिंग लागतं किती?"

आम्ही काकूंकडे पाहिलं. काकू खांबाच्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, सवय.

"अठरा! छत्तीसचं निम्मं अठरा. त्या कारागिरानं अठरा मिमीचं लेणं खोदलंय."

कारागिरानं खांब खोदताना दहा फूट आणि पाच फूट असा विचार केला नसावा, हे मी बोलून दाखवलं. काकांना पटलं नाही. "माझा डोळा पाचच फुटांवर कसा मग?" असं त्यांनी विचारलं, आणि याला उत्तर नाही.

त्यांच्याकडचं सगळ्यात रुंद भिंग मात्र २४चं. २४ मिमीला उभ्या चौकटीत सुमारे ७४ अंश मावतात. सोळा अंश बाहेर. एक तर घट सोडायचा, नाहीतर घोडे. बरं, वरचं घ्यायला कॅमेरा कलवला की उभ्या रेषा वर निमुळत्या होतात आणि २५ फुटी खांब मागं रेलून बसल्यासारखे दिसतात. काका बोळात मागं गेले, तर कातळ आडवा. कातळावर पाठ टेकून गुडघे मोडून बसले. मग आडवे झाले. आमच्यातल्या एका मुलीनं तोवर फोन उभा धरून '०.५' दाबून खांब घटापासून घोड्यापर्यंत घेतलासुद्धा. मला वाटलं, आता काका कोसळणार. पण त्यांना अशा वेळी उलट चेव येतो. जमिनीवरून उठून, अंगावरची धूळही न झटकता, त्यांनी तो फोन दोन्ही हातांत घेतला. "हे तेराच्या आसपासचं. म्हणजे तेरासारखं दिसणारं. खरं भिंग जेमतेम दोनेक मिलिमीटरचं असेल गं! सेन्सर एवढासा, म्हणून भिंग एवढंसं. तरी कोन शंभर अंशांच्या वर." त्या मुलीला आपल्या खिशात काय आहे ते पहिल्यांदाच कळलं असावं, कारण तिनं फोन परत घेताना जरा जपून घेतला.

मग ७०-२०० निघालं. नेम वरच्या जोडप्यांवर. खरोखर सुंदर आहेत ती. हातातली कडी, गळ्यातले अलंकार, कलंडून बसण्याची ऐट, हे सगळं दोनशेनं डोळ्यांपुढं आणून ठेवलं. काकूंनीही कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, पण हिची हनुवटीच दिसतेय. आणि नाकपुड्या."

"दिसणारच. आपण खाली आहोत ना. भिंगानं ती मोठी होते, आपण वर जात नाही."

काका आजवर जे सांगत आले ते खरं तर या वाक्यात सगळं आलं. कुठून पाहायचं हे पाय ठरवतात. त्यातलं किती घ्यायचं आणि केवढं, हे तेवढं मिलिमीटर ठरवतात. पण एका वाक्यात संपेल ते व्याख्यान कसलं? तेवढ्यात बोळातून जवळपासच्या कुठल्याशा शाळेची सहल आत शिरली. पन्नासेक मुलं, दोन सर. काकांनी त्या मुलांकडे असं पाहिलं की मला सरांचीच काळजी वाटली.

चैत्यगृह लांबट, पंचेचाळीसेक फूट, आत अष्टकोनी खांबांच्या दोन रांगा आणि टोकाला स्तूप. एकेकाळी आत रंगही होता. भित्तिचित्रांचे अवशेष १८६१च्या सुमारापर्यंत टिकून होते, पण साहेब लोक लेणी पाहायला येतात म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी जी टापटीप करवली तिच्यात ते गेले. काकांची ही जुनी ठसठस आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४लाच निघाली होती, डॉ. नारायण दाजींसारखे आपले लोक तिच्यात होते, मग चुना लागण्याआधी कुणीतरी इथवर येऊन एक काच का बिघडवली नाही? तेव्हा फोटोत रंग आले नसते, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यांना ते माहीत आहे.

काका मुलांना घेऊन थेट स्तूपापाशी गेले. तिथं अंधार, आणि समोर दार आणि वरची मोठी कमान उन्हानं लखलखलेली. "चाळिशी कुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं, आणि कुणी हो म्हणायच्या आत काकूंच्या गळ्यात दोरीनं लोंबणारा चष्मा काढून घेतला. "नंबर काय तुझा?"

"प्लस दोन. तुम्हीच गेला होतात ना बरोबर?"

"प्लस दोन!" काका मुलांकडे वळले. "एक मीटर भागिले दोन, अर्धा मीटर. ही बाई नाकावर पाचशे मिलिमीटरची जोडी घालून हिंडते. बाजारात पाचशेचं भिंग घ्यायला गेलात तर लाखाच्या गोष्टी करतात."

एका मुलाच्या वहीचा कोरा कागद त्यांनी स्तूपाच्या बाजूला धरायला लावला आणि चष्म्याचं एक भिंग कागदापासून अर्ध्या मीटरवर, दाराच्या दिशेनं. थोडं पुढं, थोडं मागं. आणि एकदम कागदावर कमान उमटली. पानभर, रंगासकट, उलटी. घोड्याच्या नालासारखी कमान खाली लोंबत होती, आणि तिच्या वरच्या अंगाला दारातून आत येणारे सर डोकं खाली करून चालत होते.

पन्नास मुलं एका दमात ओरडली. सर तिथंच थबकले, तर कागदावरचे सरही थबकले. मग तर विचारूच नका.

"वास्तव आणि उलट," मागून एक मुलगी म्हणाली. दहावीची असावी, कारण पुढं तिनं 'एक भागिले व्ही वजा एक भागिले यू' असं सूत्रच म्हणून टाकलं, "बरोबर एक भागिले नाभीय अंतर." काकांनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं बँकेत त्यांनी मोठ्या ठेवीदारांकडेच काय ते पाहिलं असेल.

"मग मोज," ते म्हणाले. तिनं कंपासमधल्या पट्टीनं मोजलं. बावन्न सेंटिमीटर.

"पन्नास यायला पाहिजे होतं," ती हिरमुसली.

"अगं, हीच तर खरी परीक्षा! पन्नास कधी येतात? वस्तू अनंतावर असेल तेव्हा. कमान किती लांब आहे? चाळीस फूट. म्हणून किरण जरा पुढं जाऊन जुळले. कॅमेऱ्यात फोकस करतो म्हणजे दुसरं काय करतो? भिंग हे एवढंसं पुढं-मागं."

आता खरा डाव. काकांनी चष्मा खिशात टाकला, बॅगेतून ५० मिमीचं भिंग काढलं आणि कागदाच्या अगदी जवळ नेलं. पुन्हा कमान आली, पण दोन सेंटिमीटरांची. आजूबाजूचे खांब, छताच्या कडा, भिंती, सगळं त्या कमानीभोवती गोळा झालेलं. "तीच कमान, तोच कागद, तुम्हीही तिथंच. पाचशेला पानभर, पन्नासला एवढीशी. दहापट लहान भिंग, दहापट लहान चित्र. आता ह्या कागदातून छत्तीस बाय चोवीसचा तुकडा कापा. पन्नासच्या चित्रात त्या तुकड्यात अख्खी कमान मावेल. पाचशेच्या चित्रात?"

"एक दगड!" कुणीतरी ओरडलं.

"बस. एवढंच आहे सगळं. भिंग आखूड म्हणजे चित्र लहान, म्हणून चौकटीत पुष्कळ. भिंग लांब म्हणजे चित्र मोठं, म्हणून चौकटीत थोडं."

फोकल लेन्थ याहून चांगली समजावलेली मी पाहिलेली नाही, आणि यूट्यूबवर पुष्कळ पाहिली आहे. सरांनीही मान्य केलं. एकानं फक्त हळूच विचारलं की, मग क्रॉप सेन्सरचं काय? त्याबरोबर दुसऱ्या सरांनी शिट्टी वाजवून मुलांना विहाराकडे हाकललं. अनुभवी असावेत.

काकू शेजारच्या विहारात गेल्या होत्या. बेडशाचा विहार अजब आहे. विहार चौकोनी असायचे. हा चैत्यासारखा मागं अर्धगोल आणि वर कमानी छत. इथं लेखही आहेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक यानं दान दिल्याचा चैत्यातला लेख प्रसिद्ध आहे, आणि पाण्याच्या टाक्यापाशी सामदिनिका नावाच्या महारथिनीचा. या सामदिनिकेबद्दल काकूंना कुतूहल होतं. दोन हजार वर्षांपूर्वी स्वतःच्या नावानं टाकं खोदवणारी बाई म्हणजे तिच्या हातात पैसा असणार, आणि भिंगांत न गेलेला, असं त्या म्हणाल्या. टाक्यापाशी त्या वाकून वाकून पाहत होत्या. "काही लागत नाही मेलं," म्हणून गळ्याशी हात नेला, दोरी नव्हती. तेवढ्यात काकांनी 'ऊन बदलतंय' म्हणून सगळ्यांना खाली पिटाळलं.

खालचा प्रसंग खरं तर व्हायला नको होता. पवनानगरच्या रस्त्यावर एका वळणाला तिकोना समोर येतो. त्रिकोणी माथा, निळसर, मोकळा. काकांनी रिक्षा थांबवली. "फक्त एक," म्हणाले.

रस्त्याकडेला एक बाई इंद्रायणी तांदळाची पोती मांडून बसल्या होत्या. त्यांच्या अलीकडे काकांनी काकूंना उभं केलं, दहा फुटांवरून २४नं एक फोटो काढला आणि आम्हाला दाखवला. काकू निम्म्या चौकटीएवढ्या, आणि मागं तिकोना म्हणजे खांद्यावर बसलेली माशी. "आता बघा. काकू तेवढ्याच ठेवायच्या आणि डोंगर आठपट करायचा."

"कसा?"

"दोनशे लावायचं आणि मागं जायचं. दोनशे भागिले चोवीस गुणिले दहा. त्र्याऐंशी फूट."

आणि ते निघाले. पाठमोरे नव्हे, तोंड काकूंकडे ठेवून उलटे, बांध ओलांडत, खुंटांतून, मनात पावलं मोजत. शेतात शेण थापणाऱ्या एका आजोबांनी त्यांना रस्ता दिला आणि आम्हाला विचारलं, "मोजणी आलीय का?" सरकारी मोजणी नव्हे, हे पटवायला वेळ लागला. तोवर काका त्र्याऐंशी फुटांवर पोहोचून गुडघ्यावर बसले होते. एवढ्या लांबून हाक पुरेना, म्हणून त्यांनी काकूंना फोन लावला.

काकूंनी फोन उचलला खरा, पण त्यांचं लक्ष पोत्यांकडे गेलं होतं. नवा तांदूळ, वासाचा. त्यांनी ओंजळभर घेऊन हुंगला, दर ठरवला, दहा किलो बांधायला सांगितला. स्पीकर चालूच. "अगं, डावीकडे... माझ्या डावीकडे... मान वर... तिकोन्याचं टोक तुझ्या कानात घुसतंय..." शेजारी तांदूळवाल्या बाई क्यूआर कोड पुढं करून उभ्या. काकूंनी तोच फोन स्कॅनरला लावला, रक्कम टाकायला गेल्या, फोन लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. अक्षरं काही जुळेनात. एक शून्य जास्त पडलं की पोत्याचे पैसे जाणार.

"हलू नकोस! अप्रतिम आहे हे! काय डोंगर आलाय!" फोनमधून आवाज.

काकूंनी फोन तोंडापाशी नेला.

"अहो, फोटो काढा नाहीतर नका काढू. आधी माझं पाचशे मिलिमीटर आणून द्या."

त्र्याऐंशी फुटांवर काका एक-एक खिसा चाचपायला लागले. जाकिटाला खिसे सोळा.